आधी यादी, मग ताट : राहनाळचा किराणा जाहीरनामा

आम्ही राहनाळची माणसं. अंजूरफाट्यावरून ठाण्याकडे निघालं की पूर्णा-काल्हेरच्या आधी रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याची गोडाऊनं लागतात, त्यांच्या मधे आमचं गाव आहे. ठाण्या-मुंबईच्या घरांत जाणारं तेल, साखर, बिस्किटं, चिवडे, शाम्पूच्या खोक्यांना टेकवून रचलेली ओट्सची खोकी, हा सगळा माल इथल्या गाळ्यांत उतरतो आणि आमच्याच माणसांच्या खांद्यांवरून पुन्हा गाडीत चढतो. रात्री तीच माणसं नाक्यावरच्या दुकानातून पाच रुपयांचा पुडा घेऊन घरी जातात.

आमच्यात आगरी आहेत, ज्यांच्या भातशेतीवर ही गोडाऊनं उभी राहिली. लूमवर बारा-बारा तास उभे राहणारे आहेत, कोणी उत्तर प्रदेशातून आलेले, कोणी तेलंगणातून. गाळ्यांत हमाली करणारे, टेम्पो चालवणारे, घरी बसून धागे कापणाऱ्या बाया आहेत. बोली वेगळ्या, सण वेगळे. पण अलीकडे एक गोष्ट सगळ्यांत सारखी दिसायला लागली आहे, ती म्हणजे पुढे आलेलं पोट. त्याच्या मागोमाग साखर येते, बीपी येतं, गुडघे येतात, आणि महिन्याच्या खर्चात किराण्याच्या खाली औषधांची दुसरी ओळ लिहावी लागते.

आम्ही असं जाहीर करतो की आमची वजनं वाढली त्याचं मूळ आमच्या किराण्याच्या यादीत आहे. ती यादी आम्ही बदलणार आहोत. आहे त्याच पैशांत बदलणार आहोत, आणि एकेकट्यानं न करता गल्ली-चाळीनं मिळून करणार आहोत.

आधी दोषाचं बघू. वजन वाढलेल्या माणसाला सगळे एकच सांगतात, “खाणं कमी करा.” म्हणजे काय कमी करा, हे सांगायला कोणाला वेळ नसतो. मग माणूस दोन दिवस उपाशी राहतो, तिसऱ्या दिवशी वडापाव खातो आणि स्वतःला दोष देतो. आम्हाला हे मान्य नाही. आमच्या आज्या-पणज्यांचं ताट तांदळाचंच होतं. सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी भात, रात्री भात, सोबत खाडीचं म्हावरं नाहीतर सुकट. पण त्या ताटामागे गुडघाभर चिखलातली आवणी होती, कापणी होती, झोडणी होती, डोक्यावरचे भारे होते. शेत गेलं, गाळ्याचं भाडं यायला लागलं, कष्ट गेले. भात मात्र तेवढाच राहिला आणि त्यावर दिवसभराचा चहा, खारी, फरसाण, थंडा यांची भर पडली. काही शहाणे आमच्या हळदीच्या जेवणांवर बोट ठेवतात. हळद वर्षातून चार-पाच वेळा असते, चहा-बिस्किट दिवसातून चार-पाच वेळा. हिशोब ज्याचा त्यानं करावा.

लूमवरच्या आणि गाळ्यावरच्या भावांची गोष्ट वेगळी. ते दिवसभर राबतात, तरी पोट सुटतं. याचं उत्तर पुण्यातून आलं आहे. तिथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मराठी आई-बाळांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. आपली बाळं जन्मतः हलकी असतात, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानानं जास्त असते, असं त्यांना आढळलं. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, 22.3. चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. काटा दोघांना सारखंच दाखवत होता. म्हणून “मी तर बारीक आहे” या वाक्याला आमच्या चळवळीत किंमत नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत दहा कोटींवर लोकांना मधुमेह आणि 39.5 टक्के प्रौढांना पोटाचा लठ्ठपणा असल्याचं निघालं. त्यात आपण आहोतच.

काटा कमी वापरायचा आणि दोरा जास्त, असं आम्ही ठरवलं आहे. सुताच्या गावाला दोऱ्याची काय कमी? आपल्या उंचीएवढा दोरा कापायचा, मधोमध दुमडायचा, आणि बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती फिरवायचा. पोट आत ओढायचं नाही, लबाडी करून फसवणार कोणाला? टोकाला टोक भेटलं तर ठीक. मधे फट राहिली तर तेवढी फट भरून काढणं हे त्या माणसाचं काम. ज्याला आकडाच हवा त्यानं टेप घ्यावी; पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत, बायकांची 80 च्या आत, ही आपल्याकडच्या डॉक्टरांनी मानलेली हद्द आहे.

आता या चळवळीचं कूळ सांगतो, कारण किराण्यावरून बाया रस्त्यावर येण्याची ही पहिली वेळ नाही. 1972 चा दुष्काळ पडला, महागाई भडकली, तेव्हा मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारिणींनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. हातात लाटणी घेऊन हजारो बाया मोर्चात चालल्या. तेल, साखर, धान्य, रॉकेल वाजवी भावानं मिळालं पाहिजे, ही मागणी होती. घरात पोरं उपाशी असताना तेल-साखर मागणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि त्या बायांमुळेच आज आम्हाला असं काही लिहायचं बळ आहे.

आता पुढे पन्नास वर्षं या. 2022 च्या दिवाळीला राज्य सरकारनं ‘आनंदाचा शिधा’ दिला. शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो साखर, एक लिटर पामतेल आणि एक किलो चणाडाळ. लाटणं मोर्चाची मागणी एका पिशवीत बसून दारात आली. गरिबाच्या दिवाळीला आम्ही नाक मुरडत नाही, आम्हीही ती पिशवी घेतली. पण पिशवीतल्या चार जिन्नसांकडे पाहा. वाढलेलं पोट आवरायला त्यातला एकच कामाचा, चणाडाळ. तेव्हा भूक ही अडचण होती म्हणून सगळी व्यवस्था एका रुपयात जास्तीत जास्त ताकद कशी देता येईल याच्यामागे लागली. धान्य, साखर, तेल हे त्याचं उत्तर होतं आणि त्या काळाला ते शोभलं. आज आमच्या घरात ताकद उतू जाते आहे आणि प्रथिनं, भाजी, चोथा यांची वानवा आहे. व्यवस्था अजून 1972 च्याच प्रश्नाचं उत्तर देते आहे. मागणी आता आम्हालाच बदलावी लागणार.

तेव्हा पहिला ठराव भाव काढण्याच्या रीतीचा. पुड्यावर छापलेली किंमत हा भाव नव्हे. पुड्यात किती ग्रॅम आहेत ते बघायचं आणि किलोचा भाव काढायचा. दहा रुपयांच्या चिप्सच्या पुड्यात पंचवीस ग्रॅमच्या आत-बाहेर माल असतो, बाकी हवा. किलोला चारशे रुपये झाले. त्या पैशांत किलोभर ब्रॉयलर कोंबडी येते आणि सुटे परत मिळतात. फरसाणाच्या किलोत दोन किलोच्या वर हरभरे येतात. गरिबाचं खाणं म्हणून ज्याला आम्ही हसतो ते खरोखर स्वस्त आहे, आणि स्वस्त म्हणून जे नाक्यावर टांगलेलं असतं ते महाग आहे. हे एकदा वहीत मांडून बघा, दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

यादीतून काय कमी होणार, ते आधी. तेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. तिच्या दोन हजार कॅलरींच्या ताटात माणशी दिवसाला सत्तावीस ग्रॅम तेल बसतं. चौघांच्या घराला महिन्याचे होतात साधारण साडेतीन लिटर, आणि यात तूप, बाहेरची भजी, वडापाव सगळं आलं. वजन उतरवायचं तर घरात तीन लिटरच्या वर तेल शिरू द्यायचं नाही. एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी असतात; फोडणीत हात सैल सुटला की एक भाकरी न खाताच पोटात जाते. उपाय फार सोपा आहे. एक तारखेला महिन्याचं तेल वेगळ्या बरणीत काढून ठेवायचं आणि फोडणी चमच्यानं मोजून घालायची. डब्यातून थेट कढईत ओतणं बंद. पंचविसाव्या दिवशी बरणी रिकामी झाली तर पाच दिवस उकडून, भाजून, वाफवून खायचं. कोणी मरत नाही.

साखर. पोषण संस्था म्हणते, दिवसाला वीस ते पंचवीस ग्रॅमच्या वर नको. एका कपात दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम. गाळ्यावर पाच चहा झाले की पन्नास ग्रॅम, दुप्पट, आणि दोनशे कॅलरी. महिन्याच्या सहा हजार होतात. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी, असा ढोबळ हिशोब मानतात. म्हणजे नुसत्या चहातल्या साखरेवर अर्ध्या-पाऊण किलोची गोष्ट फिरते आहे. शरीर काही वाण्याच्या वहीसारखं चोख चालत नाही, पण दिशा हीच. चहा सोडा असं आम्ही कोणाला सांगणार नाही. सांगितलं तर चळवळ पहिल्याच आठवड्यात मोडेल. पाचाचे तीन करा, दोन चमच्यांचा एक करा, कटिंगवर या. चौघांच्या घरी महिन्याला दीड किलो साखर, हा आमचा आकडा.

भात, चपाती, भाकरी यांच्याशी आमचं वैर नाही. पण रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, चौघांचे वीस किलो होतात, आणि ते असताना वर कोलमचा कट्टाही येतो. पोषण संस्थेचं ताट दिवसाला अडीचशे ग्रॅम धान्य धरतं, म्हणजे चौघांना महिन्याला तीस किलो. यात पोहे, रवा, मैदा, पाव, बिस्किटं सगळं मोजायचं. बहुतेक घरांत ते मोजलंच जात नाही. वजन उतरवणाऱ्यानं भाताच्या दोन वाट्यांची एक करावी आणि जी वाटी रिकामी झाली ती उसळीनं भरावी. नुसती रिकामी ठेवलीत तर रात्री अकराला बिस्किटाचा डबा उघडणार, हे नक्की.

नाचणी, ज्वारीबद्दल खरं बोलतो, कारण सध्या त्यांच्या नावानं फार धंदा चालला आहे. ज्वारीच्या पिठात तांदळाच्या पिठापेक्षा कॅलरी फारशा कमी नाहीत. चोथा जास्त आहे, नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, भाकरी पोटात जास्त वेळ टिकते. एवढ्यासाठी ती घ्यावी. नाचणीची बिस्किटं घेऊ नयेत. पुड्याच्या मागे घटकांची यादी असते आणि ती वजनाच्या उतरत्या क्रमानं लावावी लागते. पुढे “मल्टिग्रेन” आणि मागे पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल, असं निघालं तर पुडा जागेवर ठेवायचा. 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारला ई-कॉमर्स कंपन्यांना सांगावं लागलं की बोर्नव्हिटा आणि तसली पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गात ठेवू नका. पोरं ज्या डब्यावर वाढतील म्हणून आपण पोट मारून पैसे घालतो, त्या डब्याची ही गत.

आता यादीत काय येणार. इथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत.

सगळ्यात वर हरभरा. शंभर ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात एकोणीस-वीस ग्रॅम प्रथिनं असतात, चोथा वेगळा. रात्री भिजवला, सकाळी उकडला, कांदा-लिंबू घातलं की गाळ्यावर न्यायला डबा तयार. तोच भाजला की फुटाणे. प्रत्येकाच्या खिशात फुटाण्यांची पुडी असलीच पाहिजे, कारण संध्याकाळी पाच वाजताची भूक हा आमचा खरा शत्रू आहे. वडापावची गाडी नेमकी त्याच वेळी लागते. फुटाणे आणि वर ग्लासभर पाणी, इतकं पोटात असलं की गाडीसमोरून मान वर करून जाता येतं.

मग वाल. भात कापल्यावर त्याच शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरायची आपल्या ठाणे-रायगडची रीत. आवणी गेली तशी वालपेरणीही गेली, पण बिरडं घरोघर आहे आणि ते ताटात एका वाटीवर येऊन थांबतं. ते मुख्य झालं पाहिजे. भात त्याच्या बाजूला असावा, खाली नको. मसूर लवकर शिजतो, गॅस वाचवतो. मटकी आणि मूग मोड काढले की फुगून दुप्पट-तिप्पट होतात, त्यामुळे थोडक्यात बरीच माणसं जेवतात. चवळी, कुळीथ आहेत. कुळथाचं पिठलं तर विसरूच नका. सोयाबीनच्या वड्यांत शंभर ग्रॅममागे पन्नास ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, दुकानात एवढ्या कमी पैशांत एवढी प्रथिनं दुसऱ्या कशातच नाहीत. चव नाही हे कबूल. गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळून काढल्या आणि आगरी मसाला घातला तर खाणारा तक्रार करत नाही.

अंडं. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, सत्तरच्या वर थोड्या कॅलरी. उकडून दोन अंडी सकाळी खाल्ली की दुपारपर्यंत बिस्किट आठवत नाही.

आणि सुकट, जवळा, बोंबील. शहरातली माणसं वासावरून नाकं दाबतात, दाबू देत. सुक्या बोंबलात आणि सुकटीत शंभर ग्रॅमला साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. पाणी उडालेलं असतं, चरबी अगदी कमी. मूठभर सुकट अख्ख्या घराचं कालवण करते. दोन अटी. खारवलेला माल असेल तर धुऊन, भिजवून घ्यायचा, बीपीवाल्यांनी तर फार जपून. आणि सुकटीची चटणी म्हणून तेलात डुंबवायची नाही. तव्यावर भाजा, कांदा-टोमॅटो घाला, पुरे.

भाजीला पैसे पुरत नाहीत, हे आम्ही सगळ्यात जास्त वेळा ऐकतो आणि त्यात तथ्य आहे. पोषण संस्था माणशी दिवसाला चारशे ग्रॅम भाजी आणि शंभर ग्रॅम फळ सांगते; चौघांच्या घरात रोजची दीड किलोच्या वर भाजी झाली. राहनाळमध्ये किती घरांत येते? म्हणून आम्ही म्हणतो, ज्या आठवड्यात जी स्वस्त ती. दुधी, कोबी, मुळा, लाल भोपळा, काकडी, पालेभाजीची जुडी. या भाज्यांत पाणी आणि चोथा असतो, पोट भरतं आणि कॅलरी नावाला. कोबी महाग झाला तर कोबी नको, दुधी आणा. फूलकोबी-ढोबळी मिरचीवाचून कोणाचं अडत नाही. फळात केळं, पेरू, हंगामात बोरं आणि करवंदं. सफरचंद आजाऱ्याला नेण्यापुरतं ठेवा.

पावसाळ्यात आदिवासी बाया टोपल्या घेऊन बसतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, शेवळं. घासाघीस न करता घ्या. त्या बाया हे ओळखून, डोंगर चढून आणतात. स्वतः खुडायला जाणाऱ्यांना मात्र एक विनंती आहे. गाळ्यांच्या गटाराकडेचा टाकळा खुडू नका. तिथे काय काय सांडलेलं असतं ते आमच्या हमालांना विचारा.

ताक विसरत होतो. पाच रुपयांच्या थंड्याला ताक हे उत्तर आहे. मीठ कमी, साखर नको. साखर घातलेल्या फसफसणाऱ्या पेयांवर 2025 च्या सप्टेंबरपासून सरकारनं चाळीस टक्के जीएसटी लावला आहे, आम्ही त्याचं स्वागत करतो. पण त्याच दिवशी बिस्किटं, फरसाण, चॉकलेट पाच टक्क्यांवर आली. छापील पाकिटातली डाळही पाच टक्क्यांवरच आहे. डाळ आणि चॉकलेट एका ओळीत! सुट्या डाळीवर कर नाही, आणि पंचवीस किलोच्या वरच्या पोत्यालाही नाही. या शेवटच्या वाक्यात आमचा पुढचा ठराव आहे.

गावातल्या बाया भिशी लावतात, दर महिन्याला पैसे जमवून एकीला देतात. आम्ही कडधान्याची भिशी सुरू करतो आहोत. घरटी ठरलेली रक्कम जमवायची आणि वाशीच्या नाहीतर कल्याणच्या बाजार समितीतून हरभरा, मसूर, मटकी, वाल यांची पोती आणायची. टेम्पोवाले आमच्यातच आहेत, रिकामी गाडी परत येताना माल येईल, भाडं डिझेलपुरतं. माल एकीच्या अंगणात उतरायचा, तिथेच तोलून वाटायचा. हे आमचं डोकं नाही. ग्राहक चळवळीतल्या बिंदुमाधव जोशींच्या प्रेरणेनं 1975 साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, गायक-संगीतकार सुधीर फडके तिच्या कामात होते. शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करायचे, घाऊक बाजारातून माल आणायचा आणि आपल्याच घरात वाटून घ्यायचा, ही रीत तिनं हजारो कुटुंबांत रुजवली. तिथे मध्यमवर्गानं पैसे वाचवले. आम्ही त्याच रीतीनं कंबरही वाचवणार आहोत. एकदा घरात पाच किलो हरभरा येऊन पडला की तो भिजतोच; कपाटात ज्याचा डबा भरलेला, तेच आपण खातो. वजन उतरवायला मनाचा निग्रह लागतो म्हणतात. थकून आलेल्या माणसाजवळ निग्रह कुठला असणार? त्याच्या घरात फरसाण नसणं आणि उसळ असणं, हे जास्त खात्रीचं.

ज्यांना घर नाही त्यांचं काय? लूमवरचे आणि गाळ्यावरचे एकटे राहणारे भाऊ खानावळीत जेवतात. तिथे भात पोटभर असतो आणि डाळ पातळ. खानावळवाल्या काका-मावशींना आम्ही महिन्याच्या दराला धक्का न लावता एक बदल मागणार आहोत. भाताचा दुसरा वाढा मागेल त्यालाच द्या, पहिला वाढा उसळीचा करा. कडधान्य भिशीच्या भावानं आम्ही तुम्हाला पुरवू.

किराणा दुकानदारांशी आमचं भांडण नाही. उधारीवर त्यांनीच आम्हाला जगवलं आहे. फक्त पोरांच्या डोळ्यांसमोर टांगलेल्या पुड्यांच्या माळा मागे घ्या आणि गल्ल्याजवळ फुटाण्यांची, शेंगदाण्यांची बरणी ठेवा. (शेंगदाणे मूठभरच. शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी आहेत.) ग्रामपंचायतीकडे मागणी आहे रस्त्याची. कंटेनर आणि मेट्रोच्या खांबांमधून जीव मुठीत धरून चालणाऱ्याला “सकाळी फिरायला जा” असं सांगणं म्हणजे चेष्टा आहे. निदान शाळेचं मैदान पहाटे आणि रात्री उघडं ठेवा, दिवा लावा. सरकारकडे मागणी आहे की रेशनच्या धान्याबरोबर दरमहा कडधान्य द्या, आणि सणाची पिशवी पुन्हा कधी दिलीत तर पामतेलाच्या जागी दुसरा किलो डाळीचा घाला. गोडाऊन मालकांना एवढंच सांगणं की कामगारांना डबा गरम करायला जागा आणि प्यायला थंड पाणी द्या. थंड पाणी नसतं म्हणून थंडा विकला जातो.

या चळवळीत कोणी पावडर विकणार नाही. कोणी विकायला आला तर त्याला चहा पाजून, बिनसाखरेचा, परत पाठवू. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळा जेवणाच्या मोहिमेनं महाराष्ट्रात पुष्कळांना दोरी ओढून धरायला शिकवलं, त्याबद्दल आदर आहे. पण किती वेळा जेवायचं हे ज्यानं त्यानं ठरवावं, आम्ही ताटात काय येतं ते बघतो. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, वाढती पोरं यांनी वजन उतरवायच्या भानगडीत पडू नये. त्यांना उसळ, अंडी, भाजी जास्त मिळाली पाहिजे, भात कमी करण्याचा नियम त्यांना लागू नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी भात-साखर एकदम तोडू नये, साखर घसरून चक्कर येते. आधी डॉक्टरांना विचारावं. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी विचारावं. कोणाच्या शरीराची टिंगल झाली तर टिंगल करणाऱ्याला त्या महिन्याची भिशी मिळणार नाही. महिन्याला किलो-दीड किलो उतरलं तरी उत्तम. काही महिने काहीच उतरणार नाही, तेव्हा दोरा बघायचा.

सभासद होण्यासाठी फी नाही. तीन गोष्टी आणायच्या: मागच्या महिन्याचं किराण्याचं बिल किंवा दुकानदाराच्या वहीतलं उधारीचं पान, आपल्या उंचीचा दोरा, आणि भिशीचे पैसे. बिल सगळ्यांसमोर वाचायचं नाही. शेजारच्या दोघींनी मिळून त्यात तेल, साखर आणि पुडे यांच्याखाली लाल रेघ मारायची आणि त्या पैशांत काय काय आलं असतं ते मागच्या बाजूला लिहायचं. हिंदी, तेलुगू लिहिणाऱ्यांनी आपापल्या लिपीत लिहावं.

पहिलं वाटप पगारानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी लूमची रात्रपाळी सुटल्यावर. पहिल्या खेपेला दोन पोती हरभरा आणि एक पोतं मसूर. तराजू आमचा. पिशव्या घरून आणाव्यात, आणि ज्यांच्याकडे मोठं पातेलं असेल त्यांनी तेही आणावं, कारण त्यातलेच पाच किलो हरभरे तिथे उकडले जातील.